आठ आण्यांचा कुत्रा आणि दहा दिवसांची शुश्रूषा



आजचा विषय ऐकून कांहीं मंडळींच्या कपाळास आठी पडण्याचा संभव आहे. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तहनामे आणि दरबार हेच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. घरांतल्या लहानशा कुत्र्याच्या शस्त्रक्रियेला इतिहास तो कसला, असें कोणी विचारील. परंतु या शस्त्रक्रियेच्या मागें एक दंगल आहे, एक पांजरपोळ आहे, एक महाविद्यालय आहे, आणि न्यायालयांत गेलेला एक वाद आहे. तो सर्व मागोवा घेतला म्हणजे दहा दिवस घरीं करावयाच्या शुश्रूषेचा अर्थ निराळाच दिसूं लागतो. म्हणून हा विषय मीं मुद्दाम निवडला.

आमचें आनंदनगर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिळ्या शहरांच्या टापूंत आहे. या टापूंत जुनें आणि नवें एकमेकांना चिकटून उभें आहे. अंबरनाथचें शिलाहारकालीन शिवमंदिर शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, तर उल्हासनगर हें फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचें गांव, कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागीं वसलेलें आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं नामकरण झालेलें. बदलापूर हें प्रवासांत घोडे बदलण्याचें ठिकाण होतें व त्यावरूनच तें नांव पडलें, अशी लोकांत समजूत आहे. मंदिरापाशीं गाय-बैल, वाटेवर घोडा, आणि गल्लींत कुत्रा, अशी जनावरांची संगत या खोऱ्याला पूर्वापार आहे. आतां मात्र चाळी जाऊन त्या जागीं उंच इमारती आल्या, आणि अंगणांतला कुत्रा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहावयास आला. त्याच्याबरोबर एक नवा प्रश्नहि घरांत आला: याचें निर्बीजीकरण करावें कीं न करावें?

जनावराला खच्ची करणें ही गोष्ट आपल्याला नवी नाहीं. ऋग्वेदांत ‘वध्रि’ हा शब्द अशा जनावरासाठीं येतो. ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल यानेंहि आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत खच्ची केल्यानें पशूच्या अंगांत व स्वभावांत होणारे फरक नोंदले आहेत. आपल्या शेतकऱ्याला तर हें ज्ञान परंपरेनेंच आहे. गोऱ्हा बडवून त्याचा बैल केल्यावांचून तो औताला वळत नाहीं. ही जुनी बडवण्याची रीत फार क्रूर होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील बुर्डिझो नांवाच्या पशुवैद्यानें कातडें न कापतां आंतील नस चेंगरणारा एक मोठा चिमटा काढला, आणि तो पुढें आपल्याकडेहि रुळला. १९३३ सालीं मुंबई इलाख्यांत पशुधन सुधारणेचा कायदा होऊन निकृष्ट वळू खच्ची करण्यास सरकारी पाठबळहि मिळालें.

मात्र हें सारें बैलासाठीं. कुत्र्याचा विचार कोणीं केला नाहीं, कारण कुत्र्याकडून औत ओढवून घ्यावयाचें नव्हतें. त्याचें आपल्या संसारांतील स्थानच मुळीं दुटप्पी. एकीकडे दत्तात्रेयांच्या पायांशीं चार श्वान बसलेले, जेजुरीच्या खंडोबाच्या संगतीस कुत्रा, युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा, आणि कोरडी भाकर पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव महाराज. तर दुसरीकडे ‘हडहड’ हाच त्याचा नित्याचा सत्कार. त्याला शिळी भाकर द्यावयाची, पण त्याच्या संततीची काळजी वाहावयाची नाहीं, असा आपला शिरस्ता. गांवांत तो खपला. जेव्हां शहरें वाढलीं, उकिरडे वाढले आणि त्यांवर कुत्रीं वाढलीं, तेव्हां त्याचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली.

तो हिशेब कंपनी सरकारनें आठ आण्यांत करावयाचें ठरविलें. मुंबईंत बेवारशी कुत्रे मारण्याची परवानगी १८१३ पासून होती, पण ती वर्षांतील ठराविक उन्हाळी दिवसांपुरती. १८३२ सालीं ही मुदत वाढविण्यांत आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे इनाम मिळूं लागलें. त्या काळच्या आठ आण्यांची किंमत ध्यानांत घ्या. इनामाच्या लोभानें मारेकरी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर थांबेनात. लोकांच्या आवारांत शिरून पाळीव जनावरांवरहि त्यांच्या लाठ्या पडूं लागल्या.

पारशी समाजाला हें सहन होणें शक्यच नव्हतें. त्यांच्या धर्मांत कुत्र्याला अत्यंत आदराचें स्थान आहे. वेंदीदाद या धर्मग्रंथाचा तेरावा अध्याय बहुतांशीं कुत्र्यांविषयींच आहे, आणि मृताच्या अंतिम संस्कारांत ‘सगदीद’, म्हणजे प्रेताला कुत्र्याची दृष्टि लाभणें, हा एक आवश्यक विधि असतो. ६ जून १८३२ रोजीं कुत्रे मारणाऱ्या शिपायांना पारशांच्या जमावानें गांठून मारहाण केली. दुसरे दिवशीं कोटांत हरताळ पडला. दुकानें बंद झालीं, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारी रसद वाटेंत अडविली गेली. हिंदु, जैन आणि मुसलमान लोकहि यांत सामील झाले. शेवटीं दंगलीचा कायदा वाचून लष्कर आणावें लागलें, धरपकड झाली, आणि कित्येकांना शिक्षा झाल्या.

सत्तावनच्या उठावापूर्वीं पंचवीस वर्षें, मुंबईसारख्या व्यापारी आणि सरकारधार्जिण्या म्हणविल्या जाणाऱ्या शहरांत, सरकारविरुद्ध दुकानें बंद पडतात, आणि तीं एका कुत्र्यापायीं! इतिहासकार या प्रसंगाचे अनेक अर्थ लावतात. पारशी समाजाच्या अंतर्गत पुढारीपणाचा प्रश्न त्यांत होता, सरकारच्या ढवळाढवळीविषयींचा रागहि होता. आपल्या विषयापुरतें पाहावयाचें तर शहरानें त्या दिवशीं एक गोष्ट स्पष्ट बोलून दाखविली: प्रश्न खरा असेल, पण लाठी हें त्याचें उत्तर आम्हांला मान्य नाहीं.

मग उत्तर कोणतें? दंगलीनंतर शेठ जमशेटजी जीजीभाई आदि थोर मंडळींनीं मध्यस्थी केली, आणि कुत्रे मारण्याऐवजीं शहराबाहेर नेण्याची तडजोड पुढें आली. १८३४ सालीं जमशेटजी आणि जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद यांनीं मिळून मुंबई पांजरपोळाची स्थापना केली. भुलेश्वरचा पांजरपोळ तो हाच. एक पारशी आणि एक जैन अशा दोघांच्या पैशानें मुक्या जनावरांना आसरा मिळाला. या संस्थेच्या शाखा पुढें मुंबईबाहेरहि निघाल्या. आमच्या कल्याणजवळचें रायतें हें त्यांपैकींच एक ठिकाण.

पांजरपोळानें मृत्यु टळला, परंतु जन्माचें काय? कुत्रीचा गर्भकाळ अवघा सुमारें ६३ दिवसांचा; वर्षांतून साधारण दोनदां ती माजावर येते आणि एका वेतांत चार-सहा पिलें देते. दहा कुत्रीं पांजरपोळांत गेलीं तर वीस पिलें उकिरड्यावर जन्मास येतात. नुसत्या भूतदयेच्या बळावर हें गणित सुटण्यासारखें नव्हतें. दयेला शास्त्राची जोड हवी होती, आणि तें शास्त्र त्या वेळीं जगांतच नव्हतें.

तें पुढच्या पन्नास वर्षांत आलें. १८४६ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें ईथर हुंगवून, आणि १८४७ सालीं एडिंबरोस क्लोरोफॉर्म देऊन रोग्याला बेशुद्ध करण्याची युक्ति साधली. १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यानें जखम जंतूंपासून जपण्याची पद्धति प्रसिद्ध केली. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस शहरीं लुई पाश्चर यानें पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वांचविलें. बेशुद्धि, निर्जंतुकता आणि लस, या तीन गोष्टींवांचून आजची शस्त्रक्रिया व आजची मोहीम दोन्ही अशक्य होत्या.

आपल्याकडेहि याच सुमारास पाया घातला गेला. १८८३ सालीं दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें परळ येथें बाई साकरबाईंच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ उभें राहिलें, आणि १८८६ सालीं त्याच आवारांत मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. आरंभीं तेथील मुख्य रोगी घोडे आणि बैल. १८७४ पासून मुंबईंत घोड्यांच्या ट्राम चालत असत. शहराची चाकें जनावरांच्या पायांवर फिरत होतीं, आणि लंगडा घोडा म्हणजे रोख तोटा. कुत्र्याची पाळी शेवटीं आली. पण ज्या हातांनीं घोड्याचे खूर तपासले त्यांच्याच शिष्यपरंपरेनें पुढें कुत्र्यांच्या जखमा शिवल्या.

दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, शास्त्र हातीं येऊनहि नगरपालिकांची रीत पुढें शंभर वर्षें जुनीच राहिली. मुंबईंत कुत्रे पकडून मारण्याचें काम स्वातंत्र्यानंतरहि चालूच होतें. इतकीं वर्षें मारूनहि कुत्रीं कां संपलीं नाहींत? कारण कुत्रा आपला इलाखा राखतो. एका गल्लींतले कुत्रे नाहींसे झाले कीं, तेथला उकिरडा मोकळा पडतो. शेजारच्या गल्लींतले कुत्रे तेथें येतात, आणि भरपूर अन्न व थोडे वाटेकरी असल्यामुळें त्यांचीं पिलें अधिक जगतात. विहिरींतला झरा तसाच ठेवून वरचें पाणी उपसण्यासारखाच तो उद्योग.

या चक्रांतून बाहेर पडण्याचा मार्ग प्रथम मद्रासकडून सुचविला गेला. कॅप्टन सुंदरम् यांनीं १९५९ सालीं स्थापिलेल्या ‘ब्लू क्रॉस’ या संस्थेनें १९६४ सालीं असें मांडलें कीं, कुत्रे मारूं नका. त्यांचें निर्बीजीकरण करा, लस टोचा आणि होते तेथेंच सोडा. आपला इलाखा तेच राखतील, नवे येणार नाहींत, आणि संख्या हळूहळू उतरेल. या म्हणण्यास तेथील पालिकेचा रुकार मिळावयास १९९६ साल उजाडलें. मुंबईनें मात्र दोन वर्षें आधीं, १९९४ सालीं, सरसहा हत्येऐवजीं निर्बीजीकरण स्वीकारलें. ज्या शहरांत आठ आण्यांवरून हरताळ पडला होता, त्या शहराला योग्य उत्तर सांपडावयास १६२ वर्षें लागलीं!

२००१ सालीं प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं श्वान संततिनियमनाचे नियम सर्व देशासाठीं झाले, आणि २०२३ सालीं त्यांच्या जागीं नवे नियम आले. वाद मात्र मिटला नाहीं. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं दिल्लीच्या प्रकरणांत सांगितलें कीं, निर्बीजीकरण व लसीकरण झालेला कुत्रा मूळ जागीं सोडावा, मात्र पिसाळलेला वा आक्रमक असेल तो सोडूं नये. आणि त्याच वर्षींच्या ७ नोव्हेंबरच्या आदेशांत शाळा, इस्पितळें, स्थानकें अशा जागांतून पकडलेले कुत्रे तेथें परत सोडूं नयेत असें म्हटलें. भीति धरणाऱ्यांचेंहि म्हणणें खोटें नाहीं. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं, त्यावर जवळजवळ इलाज नाहीं. जगांत या रोगानें वर्षाकाठीं सुमारें ५९,००० माणसें दगावतात असा अंदाज असून बहुतेकांना तो कुत्र्याच्या चाव्यानेंच होतो. परंतु कुत्र्यांपैकीं शेंकडा ७० ना नियमानें लस मिळाली तर रोगाची सांखळी तुटते, असेंहि शास्त्र सांगतें. शेजारच्या गोव्यानें दारोदार व गल्लोगल्ली लसीकरण करून २०२१ सालीं आपलें राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलें. लाठीनें जें झालें नाहीं, तें सुईनें होऊं शकतें.

आतां रस्त्यावरून घरांत येऊं. माझ्या नातवानें पाळलेलें मोती नांवाचें सहा किलो वजनाचें कुत्रें आमच्या घरीं आहे. त्याची शस्त्रक्रिया गेल्या हिंवाळ्यांत झाली, आणि दहा दिवसांची चाकरी बहुतेक मजकडे आली, कारण सेवानिवृत्त मनुष्याला वेळ असतो असें घरांतील सर्वांचें एकमत आहे. त्या अनुभवाच्या आधारें व पशुवैद्यांनीं दिलेल्या सूचनांवरून चार गोष्टी सांगतों.

प्रथम शब्दाविषयीं. लोक सर्रास ‘नसबंदी’ म्हणतात, पण नरकुत्र्यांत नुसती नस बांधीत नाहींत; दोन्ही अंड काढून टाकतात. पूर्ण बेशुद्धींत, वृषणाच्या पुढें एक लहानसा छेद घेऊन हें काम होतें. लहान जातीच्या कुत्र्यांना साधारण सहा महिन्यांपासून वर्षाच्या आंत हें करतात. कांहींचें एक अंड पोटांतच राहिलेलें असतें. तें पुढें गांठीचें मूळ होऊं शकतें, म्हणून तें शोधून काढणें अगत्याचें. लहान जातींत दुधाचे दांत न पडतां राहून गेले असतील तर तेहि याच बेशुद्धींत काढून घेतां येतात. आधीं रक्त तपासून घ्यावें. उपाशी किती तास ठेवावयाचें तें डॉक्टरांनाच विचारावें. लहान पिलांच्या रक्तांतील साखर लवकर उतरते, तेव्हां मोठ्या कुत्र्याचा नियम त्यांना लावूं नये.

पहिली रात्र जपण्याची असते. कुत्रें गुंगींत असतें, लटपटतें, कण्हतें, कधीं वांतीहि करतें. त्याला जमिनीवरच, उबदार अंथरुणावर, वाऱ्याच्या झोताबाहेर निजवावें. पलंगावर किंवा कोचावर ठेवूं नये, कारण उडी मारण्याच्या नादांत टांका तुटतो. पूर्ण शुद्ध आल्यावर थोडें पाणी, मग नेहमीच्या निम्मा हलका आहार पुरे. दुसऱ्या दिवशीं बहुधा तें इतकें हुशार दिसतें कीं, घरचे लोक निर्धास्त होतात, आणि खरी परीक्षा येथूनच सुरू होते. बाहेरून बरें दिसलें तरी आंतली जखम भरावयास दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस धांवणें नाहीं, जिने चढणें नाहीं, आंघोळ नाहीं. जिना असल्यास उचलून न्यावें, आणि लघवीपुरतें सांखळीला धरून फिरवावें.

नरसाळ्याच्या आकाराची प्लास्टिकची कॉलर गळ्यांत घालतात, ती कुत्र्याला अजिबात आवडत नाहीं. तें दाराला आपटतें, भांड्याशीं अडतें आणि आपल्याकडे अशा नजरेनें पाहतें कीं, ती काढून टाकावीशी वाटते. ती काढूं नये. कुत्र्याची लाळ जखमेला औषध असते, ही आपल्याकडची समजूत येथें घातक ठरते. चाटण्यानें टांके सुटतात आणि जखम चिघळते. तसेंच जखमेवर हळद, तेल, राख असें कांहींहि लावूं नये. घरांतील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेन वा पॅरासिटामॉल, आपल्या मनानें मुळींच देऊं नयेत. लहान कुत्र्याला त्या विषासमान होऊं शकतात. डॉक्टरांनीं लिहून दिलेलें औषध त्यांनीं सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्यावें.

जखम रोज दोनदां उजेडांत पाहावी. थोडी सूज, किंचित् लाली चालते. परंतु रक्त वा पू येणें, दुर्गंधि, जखमेच्या कडा उघडणें, वृषणाची पिशवी फुगत जाणें, हिरड्या पांढऱ्या पडणें, वारंवार वांति होणें, किंवा एक दिवस उलटूनहि अन्न न शिवणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास वाट न पाहतां डॉक्टर गांठावा. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे शरीरांत पूर्वींचें बीज शिल्लक असूं शकतें. सुमारें महिनाभर नराला माजावरील मादीपासून दूर ठेवावें. पुढें मात्र भूक तशीच राहून शरीराची गरज कमी होते, म्हणून आहार थोडा कमी करावा. नाहींतर वर्षभरांत कुत्र्याची उशी होते.

या शस्त्रक्रियेनें काय साधतें, तेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. अंडाचा कर्करोग संभवत नाहीं, म्हातारपणीं प्रोस्टेट ग्रंथि सुजण्याचें भय कमी होतें, मादीच्या वासावर घर सोडून पळणें पुष्कळसें थांबतें. पण भित्रा कुत्रा शूर होत नाहीं, आणि भीतीपोटीं चावणारा चावणें सोडीलच असें नाहीं. तें वळण शिकवणुकीनेंच लागतें. रेबीजची लस तर शस्त्रक्रिया झाली असो वा नसो, तिसऱ्या महिन्यापासून घेतलीच पाहिजे आणि पुढें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें चालू ठेवली पाहिजे.

कांहीं धार्मिक वृत्तीचे लोक मला विचारतात, “गुरुजी, निसर्गानें दिलेलें अंग काढणें हें पाप नव्हे काय?” प्रश्न मनापासूनचा आहे, त्याला हंसूं नये. परंतु ज्या निसर्गांत कुत्रा आपलें अन्न आपण मिळवीत असे व निम्म्याहून अधिक पिलें थंडी-उपासानें मरत असत, तो निसर्ग आपण कधींच मागें टाकला. कुत्र्याला आपण आपल्या दारांत आणलें. त्याच्या अन्नाचा भार घेतला, मग संततीचा भार कोणावर? न बोलावलेल्या पिलांना पोत्यांत भरून नाक्यावर सोडून येणें यापेक्षां बेशुद्धींतील अर्ध्या घटकेची शस्त्रक्रिया दयेच्या अधिक जवळ आहे, असें माझें मत आहे. १८३२ सालच्या लोकांनीं ‘मारूं नका’ एवढें म्हटलें. १८३४ सालच्या लोकांनीं ‘पोसूं’ असें म्हटलें. ‘जेवढ्यांना सांभाळूं शकतों तेवढ्यांनाच जन्मूं देऊं’ हें म्हणावयाचें काम आपल्याकडे आलें आहे, आणि तें म्हणतांना शस्त्रक्रियेनंतरची जागरणेंहि आपणच करावयाचीं आहेत. सरकार नियम करील, पालिका गाडी पाठवील, डॉक्टर टांका घालील. पण कॉलर काढूं न देणें आणि रात्रीं उठून अंथरूण नीट करणें हें घरच्या माणसाचेंच काम आहे.

मोतीचे टांके बाराव्या दिवशीं निघाले. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं असें लहान जनावर आहे त्यांनीं हा विषय लांबणीवर न टाकतां जवळच्या पशुवैद्याकडे जाऊन विचार करावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.